साक्षीला सोबत

"जिन्याकडं बघू नको," मी भागीला म्हटलं. "माझ्याकडं बघ."

पण ती तिकडंच बघत होती. कोर्टाच्या व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, जिना जिथं संपतो तिथं, तिची आजी भिंतीला पाठ लावून बसली होती आणि आजीच्या मांडीवर भागीचा भाऊ होता. अडीच वर्षांचा. पायात काही नाही, अंगात कोणाचा तरी ढगळ सदरा, हातात बिस्किटाचा पुडा. तो पुडा त्याला फोडता येत नव्हता. दातांनी चावायचा, आजीपुढं धरायचा, पुन्हा चावायचा. आजीचं लक्ष त्याच्याकडं नव्हतंच. ती आमच्या बाकाकडं बघत होती.

"किती मोठा झालाय," भागी म्हणाली.

तिचा हात माझ्या हातात होता, आणि फेब्रुवारीच्या त्या सकाळी तो घामानं ओला झाला होता.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते, भागी आठ. आम्ही दोघी जिल्ह्याच्या गावी मुलींच्या बालगृहात राहायचो. माझं नाव कुशावर्ता, पण तिथं सगळ्या मला कुशाताई म्हणायच्या, कारण माझ्याइतकी जुनी मुलगी आता दुसरी उरली नव्हती. भागीला येऊन दोन वर्षं झाली होती. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे. एका कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीसमोर, म्हणजे त्यांच्या झोपडीसमोर, तिची आई मेली. उसानं भरलेल्या गाडीवरून पडली, असं तिच्या बापानं सांगितलं, मुकादमानंही तेच सांगितलं, आणि बहुतेक ते तसंच लिहिलं गेलं असतं. पण पंचनाम्याला आलेल्या एका हवालदारणीनं कोपऱ्यात उभ्या असलेल्या सहा वर्षांच्या पोरीला सहज विचारलं, "काय झालं गं बाई?" आणि पोर म्हणाली, "पडली न्हाई. अप्पानं मारलं."

त्या दोन वाक्यांवर सगळा खटला उभा होता. दुसरं कोणी काही बघितलं नव्हतं, किंवा बघितलं असलं तरी बोलत नव्हतं. आम्ही बाकावर येऊन बसलो तेव्हा सरकारी वकील टाकळकर आमच्या बालगृहाच्या मॅडमना दबक्या आवाजात म्हणाले होते, "पोरगी फिरली तर केस संपली." त्यांना वाटलं आम्हाला ऐकू गेलं नाही.

मी तिथं का होते, तर मी त्यातून गेलेली होते. आदल्या शनिवारी आमच्या अधीक्षक सोळंके मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. "कुशा, सोमवारी भागीची साक्ष आहे. ती दोन दिवस झाले जेवत नाही. तू तिच्यासोबत जा. तुझ्या वेळी शोभा आली होती ना तुझ्यासोबत, तसंच."

"मी काय करू?"

"काही नाही. धीर दे. तुला ठाऊक आहे तिथं कसं असतं. सांग तिला, काही होत नाही."

मला ठाऊक होतं. आठ वर्षांची असताना त्याच इमारतीत, बहुधा त्याच बाकावर, मी बसले होते, आणि चौदा वर्षांची शोभाताई माझ्या शेजारी होती. तिनं माझ्या वेण्या पुन्हा घालून दिल्या होत्या, म्हणजे तेवढा वेळ माझं तोंड भिंतीकडं राहील. आत गेल्यावर कसं बोलायचं ते तिनंच शिकवलं. बापाकडं बघायचं नाही. मोठ्यानं बोलायचं, नाहीतर तेच पुन्हा सांगायला लावतात. पाणी मागितलं तर देतात, रागवत नाहीत. मी आत गेले आणि सांगितलं की माय विहिरीत घसरली नाही, बापानं ढकलली. बाप माझ्यापासून दहा हातांवर उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

म्हणून शनिवारी मी मॅडमना हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. शोभाताईनं जे मला दिलं ते आता मी कोणाला तरी देणार होते, आणि त्यासाठी मला इस्त्रीचा फ्रॉक मिळाला होता.

अकरा वाजून गेले. आमच्यासोबत आलेल्या हवालदार गित्तेबाई पाण्याची बाटली भरायला खाली गेल्या. मॅडम आत टाकळकर साहेबांपाशी होत्या. आजी हेच बघत असावी. ती उठली, पोराला कडेवर घेतलं आणि व्हरांडा ओलांडून सरळ आमच्यापुढं येऊन उभी राहिली. मला वाटलं होतं ती दुष्ट दिसेल. पण जवळून ती नुसती दमलेली होती. पायांच्या टाचा फुटून काळ्या पडल्या होत्या.

"भागे," ती म्हणाली, "बघ कोण आलंय. तुझा समाधान."

तिनं पोराला भागीच्या मांडीवर ठेवलं. तो ताठ बसला. त्याला ही कोण हे ठाऊक नव्हतं, आणि तो रडलाही नाही, नुसता पुडा पुढं केला. भागीनं तो दातांनी फोडला आणि एक बिस्कीट काढून त्याच्या हातात दिलं.

"लई काही सांगायचं न्हाई," आजी उकिडवी बसत म्हणाली. तिचा आवाज अगदी मऊ होता. "साहेब इच्यारतील तेव्हा म्हणायचं, माय गाडीवरनं पडली. तेवढंच. मंग आपण तिघं आजच बशीनं घरी जाऊ. तुझी गोधडी तशीच ठिवलीय मी. ह्याला आता कोण बघनार? माझ्यानं होत न्हाई, बाई. रातभर माझे गुडघे ठणकतेत आन् हे पळत सुटतंय."

भागी समाधानच्या डोक्यावरून हात फिरवत होती. केसांत तेल नव्हतं.

"तुझी माय तर गेली," आजी म्हणाली. "ती आता सांगून येत न्हाई. माझं एकच लेकरू हाय, भागे. त्याला तू घालवू नको."

मी आजीला उठा म्हणायला हवं होतं. त्याचसाठी मला आणलं होतं. पण ती रडत होती, आणि मला मोठ्या माणसाला काय म्हणायचं ते सुचेना. तेवढ्यात गित्तेबाई जिना चढून वर आल्या आणि लांबूनच ओरडल्या, "ओ म्हातारे, साक्षीदाराशी बोलायचं नाही, सांगितलंय ना." आजीनं पोराला उचललं. त्यानं जाताना बिस्किटाचा पुडा भागीच्याच मांडीवर सोडला, आणि मग दूर गेल्यावर त्याला त्याची आठवण झाली आणि तो भोकाड पसरून रडायला लागला. गित्तेबाईंनी पुडा नेऊन दिला.

भागी फ्रॉकवरचा बिस्किटाचा भुगा वेचत होती. एकेक कण. मग तिनं मान वर न करता विचारलं, "कुशाताई, खरं सांगितल्यावर घरी न्हेतेत का?"

मी म्हटलं, "मॅडमना विचारलं नाहीस?"

"इच्यारलं. त्या म्हणल्या, सगळं नीट होईल."

"टाकळकर साहेब?"

"ते म्हणले, तू शूर हायस. गित्तेबाई म्हणल्या, देव बघतोय." तिनं माझ्याकडं बघितलं. "मी ते इच्यारलंच न्हाई. मी इच्यारलं, न्हेतेत का."

हा प्रश्न मीही विचारला होता. शोभाताईला, वेण्या घालून घेताना. तेव्हा ती म्हणाली होती, "नेतात ना. खरं सांगितलं की सगळ्यांना कळतं आपली चूक नव्हती. मग मामा येतात, आजी येते, नेतात." एवढं ऐकून मी आत गेले. बापाची भीती होतीच, पण मला मामाचं घर दिसत होतं, दारापुढचं लिंबाचं झाड दिसत होतं. त्या झाडाच्या जोरावर मी बोलले.

मग मी वाट बघितली. रविवार हा आमच्या बालगृहात भेटीचा दिवस. मी सकाळीच डोकं धुवायचे, धुतलेला फ्रॉक घालायचे आणि दाराच्या पायरीवर जाऊन बसायचे. सुरुवातीला शोभाताईचा मला फार राग आला. खोटारडी म्हणून मी तिच्याशी महिनाभर बोलले नाही. मात्र ती पण दर रविवारी त्याच पायरीवर असायची. डोक्याला तेल लावून, पावडर लावून. संध्याकाळी फाटक बंद झालं की उठायची. ती अठरा पूर्ण करून गेली त्या दिवशीही तिला न्यायला कोणी आलं नव्हतं, मॅडमच तिला एसटीत बसवून आल्या. तिनं मला फसवलं नव्हतं. तिच्यापाशी जे होतं तेच तिनं मला दिलं होतं.

ती गेल्यावर पायरीवर मी एकटी बसायला लागले. भागीच्या साक्षीच्या आदल्या दिवशीही बसले होते.

भागी वाट बघत होती. मला फक्त "हो" म्हणायचं होतं. एका शब्दाचं काम. ती उठून आत गेली असती आणि नीट बोलली असती, टाकळकर साहेब खूश झाले असते, मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला असता. आणि "नाही" म्हटलं तर समोर भाऊ होता, घर होतं, गोधडी होती. तिनं माझं ऐकून आजीचं वाक्य आत जाऊन म्हटलं तर तिचा बाप संध्याकाळपर्यंत सुटला असता. एका बाईला मारून.

मी म्हटलं, "नाही."

"कोणीच न्हाई?"

"कोणी नाही. मला पाच वर्षं झाली. मामा एकदा फाटकापर्यंत आला होता म्हणे. आत आला नाही."

हे मी त्याआधी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. बोलताना माझाच आवाज मला दुसऱ्या कोणाचा तरी वाटला.

भागीनं थोडा विचार केला. "मंग तू का सांगितलं?"

"मला वाटलं होतं नेतात."

"आन् ठाव असतं, न्हेत न्हाईत म्हणून? मंग सांगितलं असतं का?"

"माहीत नाही, भागी."

तिनं मान हलवली. जणू मी तिला घड्याळात किती वाजले ते सांगितलं होतं. तेवढ्यात दाराशी शिपाई आला आणि त्यानं तिच्या नावाचा पुकारा केला. पूर्ण नाव, भाग्यश्री, मग बापाचं नाव, मग आडनाव. बापाचं नाव ऐकून ती दचकली.

आत न्यायाधीश बाई होत्या. त्यांना सर्दी झाली होती, सारख्या नाकाला रुमाल लावायच्या. माझ्या वेळी साहेब होते आणि ते उंचावर बसलेले होते. या बाईंनी भागीसाठी खाली खुर्ची ठेवायला लावली, आणि तिच्या बापाला एका लोखंडी कपाटाआड उभं करायला सांगितलं, म्हणजे तो तिला दिसणार नाही. तो दिसत नव्हता. पण तो खोकला, आणि भागीनं माझं बोट पकडलं.

"ही कोण?" बाईंनी मला बघून विचारलं.

मॅडमनी सांगितलं, संस्थेतलीच आहे, मुलीला धीर यावा म्हणून आणलंय. बाई म्हणाल्या, बसू दे, पण मधे बोलायचं नाही. मला एक स्टूल मिळालं. भागीनं माझं बोट सोडलं नाही, कोणी सोडायला लावलंही नाही.

बाईंनी तिला नाव विचारलं, इयत्ता विचारली. तिसरीत आहे म्हणाली. आवडता विषय विचारला, ती गणित म्हणाली. मग बाई म्हणाल्या, "भाग्यश्री, खरं बोलणं म्हणजे काय?"

"जे झालं ते सांगणं."

"आणि खोटं बोललं तर काय होतं, ठाऊक आहे?"

मला हा प्रश्न आठवत होता. मला विचारला तेव्हा मी म्हटलं होतं, पाप लागतं. सगळी मुलं तसंच काहीतरी म्हणतात. पंखा फिरत होता. कपाटाआड बापानं पाय बदलला, साखळी वाजली.

"घरी न्हेतेत," भागी म्हणाली.

बाईंचं पेन थांबलं. "काय?"

"खोटं बोललं की घरी न्हेतेत. बशीनं."

"हे कोणी सांगितलं तुला?"

"आजीनं. बाहीर हाय ती."

बाईंनी रुमाल खाली ठेवला. "बरं. आणि खरं बोललं तर?"

"कोणी न्यायला येत न्हाई. पाच वर्षं झाली तरी येत न्हाई."

"हे कोण म्हणालं?"

भागीनं माझं बोट वर उचलून दाखवलं. सगळं कोर्ट माझ्याकडं बघायला लागलं. मॅडमचा चेहरा मी बघितला आणि मला वाटलं आता मला इथूनच कुठंतरी पाठवतील. टाकळकर साहेबांनी डोळे मिटून घेतले.

आरोपीचे वकील लगेच उभे राहिले. म्हणाले, साक्षीदाराला बाहेर पढवलं गेलंय, हे आता तिनंच कबूल केलं, सोबत आणलेल्या या मुलीचं काम तेच दिसतं, याची नोंद घ्यावी.

"वकीलसाहेब," बाई म्हणाल्या, "या मुलीनं तिला पढवलं असेल, तर तुमच्या बाजूनं पढवलंय. बसा."

मग त्या भागीकडं वळल्या. आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "भाग्यश्री, आजी म्हणते खोटं बोललं की घरी नेतात. ही ताई म्हणते खरं बोललं की कोणी येत नाही. मग आता तू काय सांगणार आहेस?"

"जे झालं ते," भागी म्हणाली.

आणि तिनं सांगितलं. माय गाडीवर चढलीच नव्हती. गाडी रिकामी होती, बैल सोडलेले होते. दुपार होती. अप्पा फडावरून आला आणि भाकरी झालेली नव्हती. त्यानं गाडीचं दांडकं घेतलं. पहिलं पाठीत मारलं, मग माय खाली बसली, मग डोक्यात मारलं. किती वेळा ते तिला ठाऊक नव्हतं. टाकळकर साहेबांनी विचारलं, एकदा की जास्त? ती म्हणाली, "लई." रडली नाही. मोठ्यानं बोलली. मी तिला मोठ्यानं बोल असं सांगायचं विसरले होते.

आरोपीच्या वकिलांनी मग तासभर विचारलं. तुला कोणी खाऊ दिला का? संस्थेत मारतात का? आई तुला ओरडायची का? शेवटी म्हणाले, "तू कोपीच्या आत होतीस ना? मग बाहेर काय झालं ते तुला दिसलं कसं?"

"कोपीला दार नसतंय," भागी म्हणाली.

ते कागद आवरून खाली बसले.

आम्ही बाहेर आलो तेव्हा आजी उभी होती. तिला कोणीतरी सांगितलं असावं. समाधान तिच्या खांद्यावर झोपला होता, तोंडाला बिस्कीट चिकटलेलं. मला वाटलं ती शिव्या देईल, छाती बडवून घेईल. गित्तेबाई मधे उभ्याही राहिल्या. पण आजी लांबूनच भागीला म्हणाली, "तुला आता कोण न्हाई." अगदी साधी माहिती सांगितल्यासारखं म्हणाली. आणि जिना उतरायला लागली, गुडघ्यावर हात ठेवून, एकेक पायरी. प्रत्येक पायरीला समाधानचं डोकं हलत होतं. भागी ते डोकं दिसेनासं होईपर्यंत उभी होती.

परतताना जीपमध्ये मॅडम पुढं बसल्या होत्या. त्या मला काहीच बोलल्या नाहीत, ना रागावल्या, ना काही. नाक्यावर जीप थांबवून त्यांनी आम्हा दोघींना वडापाव घेऊन दिला. भागीनं तिचा सगळा खाल्ला. चार दिवस तिनं नीट खाल्लं नव्हतं. मी एक घास घेतला आणि मला रडू आलं. ते मला आवरता येईना. गित्तेबाईंना वाटलं मिरची लागली. पाच वर्षांत मी रडले नव्हते. वाट बघणाऱ्याला रडता येत नाही, कोणी यायच्या वेळी चेहरा सुजलेला बरा दिसत नाही.

भागीनं हात फ्रॉकला पुसले आणि माझं डोकं ओढून आपल्या मांडीवर घेतलं. तिची मांडी एवढीशी, माझं डोकं तीत मावतही नव्हतं. ती मला थोपटत राहिली, एका लयीत, लहान मुलाला थोपटावं तशी. हे तिला कुठून येत होतं असा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

पाच महिन्यांनी निकाल लागला, जन्मठेप. भागीला मॅडमनी सांगितलं तेव्हा ती गणितं सोडवत होती. "बरं," म्हणाली. त्यानंतरच्या कुठल्याच रविवारी ती पायरीवर बसली नाही, आणि मीही नाही. रविवारी आम्ही दोघी मिळून मागच्या नळावर लहान मुलींचे कपडे धुवायचो.

मी अठराची होईपर्यंत आणखी नऊ मुलींसोबत कोर्टात गेले. मी गेल्यावर भागी जायला लागली. न्यायला येतात का, हे सगळ्याच मुली विचारत नसत. ज्या विचारायच्या त्यांना मी खरं सांगायचे. त्यातल्या दोघी आत जाऊन फिरल्या. एकीचा सावत्र बाप सुटला आणि तिला घेऊन गेला. तिचं पुढं काय झालं मला ठाऊक नाही. कधीकधी ती मला आठवते आणि मग माझं काही कामात लक्ष लागत नाही.

आता मी पंचायत समितीत कारकून आहे. भागी एका ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिचा फोन आला.

"कुशाताई, समाधान येतोय. आजी गेली, त्यानं मुकादमाकडनं माझा नंबर शोधला. उद्या येतोय." मग आठ वर्षांच्या आवाजात म्हणाली, "मला भ्या वाटायलंय. तू ये."

मी रजा टाकून गेले. तो तिच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसला होता. सोळा वर्षांचा, मिसरूड फुटलेलं, तळहातांना उसाच्या पाल्यानं कापल्याच्या रेघा. पुढं ठेवलेला चहा निवून गेला होता. मी भागीच्या शेजारी बसले. तिनं माझं बोट धरलं नाही, पण तिचा खांदा माझ्या खांद्याला टेकलेला होता.

"आजी म्हणायची, तू बापाला आत घातलं," तो म्हणाला. भांडायला म्हणून नाही. शाळेत शिकलेलं म्हणून दाखवावं तसं.

"व्हय," भागी म्हणाली.

"आन् माय गाडीवरनं पडली, म्हणायची."

"पडली न्हाई."

तो जमिनीकडं बघत राहिला. मला वाटलं उठून जाईल. बाहेर कोणीतरी भागीला सिस्टर म्हणून हाक मारून गेलं, ती उठली नाही. मग त्यानं विचारलं, "मी कुठं होतो तेव्हा?"

"झोळीत. कोपीतच, आत."

"रडत होतो का?"

"उठायला लागला होतास," भागी म्हणाली. "तू रडलास तर अप्पा आत येईल असं मला वाटलं. मी झोळीपाशी गेले, तुझे दोन्ही कान दाबून धरले आन् बेचा पाढा म्हणायला लागले. मला तेवढाच येत होता. मोठ्यानं म्हणत होते, म्हणजे तुला दुसरं काही ऐकू यायचं न्हाई. तू माझ्या तोंडाकडं बघत होतास, हसत होतास. मी बाहीर बघत होते. तिकडं सगळं थांबलं तरी मी म्हणतच होते."

इतकी वर्षं आम्ही शेजारशेजारच्या खाटांवर झोपलो होतो आणि हे मला ठाऊक नव्हतं. कोर्टात तिला हे कोणी विचारलं नव्हतं.

समाधानचा हात आपोआप वर गेला आणि त्यानं आपला कान चाचपून बघितला, मग दुसरा. मग तो खुर्चीवरून उठला आणि जिथं जागा नव्हती तिथं, आम्हा दोघींच्या मधे, येऊन बसला.